न बसणारा डगला

६ जानेवारी, सोमवार

आजपासून लिहायचं, असा व्यायामबाईंचा हुकूम आहे. रोज दुखणं कुठे आणि किती ते लिहा म्हणाल्या. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य. मी विचारलं, अकरा लिहिलं तर चालेल का? त्या हसल्या नाहीत. त्या फिजिओथेरपिस्ट आहेत, पण हा शब्द माझ्या जिभेवर बसत नाही, म्हणून मी आपलं व्यायामबाई म्हणते. वयाने लहान आहेत, आवाज मात्र फौजदाराचा.

तर दुखणं. कमरेतून निघतं, डाव्या खुब्यातून मांडीच्या मागे उतरतं, पोटरीतून थेट करंगळीला जाऊन पोचतं. शिवणीतला एक दोरा ओढला की सगळं कापड चुणतं, तसं माझं झालंय. कापडाचा तागा उचलायला वाकले आणि अर्ध्यातच अडकले, त्याला आता तीन आठवडे झाले. बसलं तर जास्त दुखतं, वाकलं तर विचारूच नका.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून दाखवला. दोन मणक्यांमधली चकती जरा बाहेर आली आहे आणि पायाकडे जाणाऱ्या नसेवर टेकली आहे. म्हणाले, "सहा आठवडे व्यायाम करा. बहुतेकांना तेवढ्याने बरं वाटतं. नाहीच वाटलं तर ऑपरेशनचं बोलू." मी विचारलं, ऑपरेशन झालं तर कापड बेतायला कधी उभी राहीन? तर म्हणाले, "काही महिने कात्री दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्यावी लागेल."

दुसऱ्या कुणाच्या म्हणजे कुणाच्या? दुकानात आम्ही दोघीच. मी आणि धाकटी, माझी जाऊ. दुकान सासूबाईंचं होतं. त्यांनी कात्री मला दिली आणि मशीन तिला, आणि ती वाटणी आजवर मोडलेली नाही. मी बेतते, ती शिवते. टेबलही सासूबाईंचंच, त्यांच्या उंचीचं. त्या ठेंगण्या होत्या. मी उंच आहे, पण ते टेबल मी कधी बदललं नाही.

आजचं दुखणं नऊ. दहा मुद्दाम लिहीत नाही, पुढे लागेल.

८ जानेवारी, बुधवार

आज दुकानात गेले आणि नको ते पाहिलं.

आमच्या दुकानात तीन फळ्यांचा उंच आरसा आहे. त्यात गिऱ्हाईक पुढून, मागून, बाजूने सगळं एकदम दिसतं. घरी आहे तो तोंड बघण्यापुरता. त्यामुळे गेल्या तीन आठवड्यांत मी स्वतःला अख्खी अशी पाहिलीच नव्हती. आज डगला चढवून आरशासमोर उभी राहिले तर समोर कुणीतरी भलतीच बाई. धड उजवीकडे कललेलं, कंबर डावीकडे गेलेली, उजवा खांदा उतरलेला. निळ्या डगल्याचा घेर उजव्या बाजूला चार बोटं खाली लोंबत होता.

हा डगला म्हणजे माझा कामाचा कोट. जाड सुती, सहा बटणांचा, एका खिशात खडू, दुसऱ्यात टेप. दुकान उघडलं की अंगात, बंद केलं की खुंटीवर. त्याच्याशिवाय मला गिऱ्हाइकांनी पाहिलेलं नाही.

व्यायामबाई म्हणतात, हे वाकडेपण शरीर स्वतःच आणतं, नस वाचवण्यासाठी. दुखणं हटलं की तेही जातं. असेल. पण लोकांचे वाकडे खांदे झाकण्यातच माझी हयात गेली. धाकटीला म्हटलं, "अशी बाई गिऱ्हाईक म्हणून आली असती ना, तर उजव्या खांद्यात पातळ गादी घातली असती, त्या बाजूचा घेर वर घेतला असता आणि दोन दिवसांत तिला सरळ करून पाठवली असती." ती नुसती बघत होती, तोंडात टाचण्या होत्या.

मी रडले नाही. डोळ्यांत खडूची पूड गेली होती.

११ जानेवारी, शनिवार

व्यायाम म्हणजे मला वाटलं होतं, उड्या मारायच्या असतील. प्रत्यक्षात पालथं पडायचं. बस, नुसतं पालथं पडून राहायचं. मग कोपरांवर टेकून छाती उचलायची. आणखी एक आहे तो भिंतीशी. भिंतीला खांदा लावून उभं राहायचं आणि कंबर हळूहळू भिंतीकडे ढकलायची, म्हणजे धड आणि कंबर एका रेषेत येतील. दर दोन तासांनी. आणि थोडं थोडं चालायचं, अंथरुणात लोळायचं नाही.

घरी हे मोजायला बसतात. हे म्हणजे आमचे हे. एक, दोन, तीन म्हणता म्हणता पेपरात डोकं जातं आणि मी आपली कोपरांवर टेकून ताटकळत. आज मी ओरडले तेव्हा म्हणाले, "अगं, तू अजून वरच आहेस?" संसार असा आहे.

दुखणं आठ. पाऊल बधिर.

१५ जानेवारी, बुधवार

चमत्कार! आज आरशात मी बरी दिसले. चांगली बरी. खांदा इतका उतरलेला नाही, घेर दोनच बोटं खाली. पुन्हा पुन्हा पाहिलं. दुखणं अजून सात आहे, पाय तसाच ओढतो, पण डोळ्यांना दिसतंय ते कसं नाकारायचं?

धाकटीने डगला चढवून दिला, कारण हात मागे नेला की कमरेत कळ येते. म्हणाली, "बघा ताई, सुधारताय तुम्ही." तिच्या तोंडून असं काही ऐकायची सवय नाही. ती तशी घुमी आहे. दिवसभर मशीनचाच आवाज, तिचा नाही.

संध्याकाळी व्यायामबाईंना सांगितलं. त्यांनी पाठीवरून दोन बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "काकू, कल अजून तेवढाच आहे. पण मन प्रसन्न आहे ना, ते चांगलं." मन कसलं, मी घेर मोजला होता. यांना शिकून काय येतं कोण जाणे.

१८ जानेवारी, शनिवार

आज तर घेर सरळ रेषेत. खडूने जमिनीवर रेघ मारून पाहिली असती तरी चुकली नसती.

म्हणून मी एक धाडस केलं. वाद्यवृंदाचे प्रमुख आले होते, ते लांब केसांचे, हात हवेत नाचवत बोलणारे. त्यांना वादकांसाठी काळे कोट हवेत, फेब्रुवारीअखेर. तीन-चार ठिकाणी जाऊन त्यांनी पाहिलं, पण व्हायोलिन धरणाऱ्याचा खांदा कसा बेतायचा ते फक्त मलाच कळतं, असं त्यांचं म्हणणं. खोटं नाही ते. हात उचलला की कोट गळ्याशी येता कामा नये.

धाकटी मशीनवरून मान हलवत होती, नाही म्हणा, नाही म्हणा. मी हो म्हटलं. आरशातली बाई सरळ झाली आहे, आता पायही सुधारेल. बरोबर आलेल्या वादकांची मापं मी खुर्चीच्या पाठीला धरून घेतली, लिहून धाकटीने घेतली.

२१ जानेवारी, मंगळवार

आज पाय हलका आणि कंबर जड. करंगळी जागी झाली, पोटरी मोकळी, पण कमरेत असा ठणका की हातातली टेप खाली पडली.  व्यायामबाईंकडे रडवेल्या तोंडाने गेले तर त्यांनी टाळी वाजवली! म्हणाल्या, "हेच हवं होतं. दुखणं पायातून निघून कमरेकडे सरकलं की समजायचं, नसेवरचा भार उतरतोय. कंबर नंतर शांत होईल." दुखणं वाढलं म्हणून टाळी वाजवणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. पण त्यांचा जिना चढताना मी कठडा धरला होता आणि उतरताना धरला नाही, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज मन खट्टू झालं आहे. लिहू की नको असं वाटतं, पण लिहितेच.

सकाळी जरा लवकर गेले. चालणं जमतंय म्हणून. दुकानाचं दार उघडंच होतं आणि धाकटी आरशासमोर उभी होती. माझा डगला तिने स्वतःच्या अंगाला लावून धरला होता, खांद्याशी हात, मान तिरकी करून बघत होती. मला पाहिलं आणि दचकली. म्हणाली, "झटकत होते ताई, धूळ फार बसते." डगला आरशासमोर झटकतात?

मग एकेक आठवायला लागलं. हल्ली ती मागे थांबते. डगल्यावर एकदा खडूची खूण दिसली होती, माझी नव्हे. इस्त्री सकाळी कोमट असते. आणि डॉक्टरांचं वाक्य तिला मीच सांगितलं होतं, कात्री दुसऱ्याच्या हातात जाईल म्हणून. आता ती माझा डगला घालून बघते आहे. उद्या कात्री हातात घेऊन बघेल.

इतक्या वर्षांत तिने कधी काही मागितलं नाही. मला वाटायचं, तिला काही नकोच आहे.

डगला आजपासून माझ्याबरोबर घरी येणार. पिशवीत घालून आणला.

२९ जानेवारी, बुधवार

धाकटी रोज विचारते. "ताई, डगला ठेवून जा ना, धुते." "ताई, बटण सैल झालंय, टाकते." काल तर म्हणाली, "ताई, एका रात्रीपुरता द्या." मी म्हटलं, "माझ्या डगल्यात तुझा एवढा जीव का अडकलाय?" ती मशीनकडे वळली.  दिवसभर मशीनचा आवाज, तोही नीट नाही, सारखी टीप तुटत होती.

दुखणं चार. हे सांगायचं राहिलंच. चार! बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन न थांबता परत आले. ह्यांनी दारात उभं राहून माझं स्वागत केलं, चहा आयता मिळाला.

३ फेब्रुवारी, सोमवार

दुखणं तीन, पण आनंद करावा असं काही नाही. मी आता दुसऱ्या बाजूला कलायला लागले आहे.

आरशात स्पष्ट दिसलं. उजवा खांदा वर चढलाय, डगल्याचा घेर उजवीकडे वर गेलाय, म्हणजे धड डावीकडे पडतंय. आधी उजवीकडे, आता डावीकडे. घड्याळाचा लंबक झाले आहे मी. भिंतीचा व्यायाम जास्त झाला असणार, कंबर ढकलता ढकलता पलीकडे गेली. धाकटी बघत होती. मी विचारलं, "वाकडी दिसते ना मी?" ती म्हणाली, "नाही हो ताई, तुम्ही सरळच आहात, तो डगलाच..." आणि थांबली. आता डगल्यावर ढकलते आहे. डगला मी स्वतः बेतला होता, त्याला काय धाड भरली?

६ फेब्रुवारी, गुरुवार

व्यायामबाईंना विचारलं, "मी डावीकडे कलतेय का?" म्हणाल्या, "नाही काकू, सुंदर सरळ झालात. मी तुमचा फोटोच काढून ठेवणार आहे." त्यांचं सुंदर म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. मागेही त्यांना माझ्या कलात फरक दिसला नव्हता, जेव्हा आरशात धडधडीत दिसत होता. बिचाऱ्या माझं मन राखतात. मनाचं माप मी घेत नाही, मी घेराचं घेते.

मी स्वतःच उपाय काढला आहे. दुकानात असेन तेव्हा आरशासमोर उभं राहायचं आणि डगल्याचा घेर सरळ दिसेपर्यंत हळूच उजवीकडे जायचं. तसंच उभं राहून काम करायचं. थोडी सवय लागली की बसेल.

१० फेब्रुवारी, सोमवार

आरशात सरळ. दुखणं सहा. पोटरीत परत ओढ सुरू झाली. हे कसं काय?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दुखणं आठ. करंगळी परत बधिर.

व्यायामबाई आज रागावल्या. मला उभं करून मागून पाहिलं आणि म्हणाल्या, "काकू, तुम्ही पुन्हा उजवीकडे गेलात! गेल्या आठवड्यात ठीक होतं. काय करताय तुम्ही?" मी म्हटलं, आत्ता कुठे मी सरळ झाले आहे. त्या म्हणाल्या, नाही. मी म्हटलं, हो. भाजीवालीशी करावी तशी आमची घासाघीस झाली, रांगेतले लोक पडद्याआडून ऐकत होते. शेवटी त्या म्हणाल्या, "तुम्ही दिवसभर उभ्या कुठे राहता ते मला बघायचंय. सोमवारी दुकानात येते."

बघा म्हटलं. वीस तारखेला हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं आहे. काळं कापड टेबलावर तसंच पडून आहे, एकही कोट बेतलेला नाही. माझं हो म्हणणं मला नडणार.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज मी धाकटीला नको ते बोलले.

ती सकाळी जवळ आली. हात पुसत, खाली बघत म्हणाली, "ताई, कोटांचं काय करायचं? तुम्ही सांगाल तसं... मी बेतून बघू का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "हेच ऐकायची वाट बघत होते मी. इतके दिवस डगला मागत होतीस, आता कात्री. घे ना, सगळंच घे. मी एकदा ऑपरेशनच्या टेबलावर आडवी पडले की हे टेबलही तुझंच."

तिचा चेहरा पांढरा पडला.  मशीनवर जाऊन बसली, मशीन चालवलं नाही. थोड्या वेळाने डोळ्यांना पदराऐवजी कापडाची चिंधी लावताना दिसली. मला वाईट वाटलं, पण पाठ फिरवून उभी राहिले, घेर सरळ ठेवून.

घरी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तिला कात्री हवी असती तर तिने तीस वर्षं वाट पाहिली असती का?" ह्यांना काय कळतंय दुकानातलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज जे झालं ते सावकाश लिहिते, कारण अजून मला हसावं की रडावं समजत नाही.

व्यायामबाई आल्या. आधी टेबल पाहिलं, त्याच्यावर मला ओणवी करून पाहिलं, आणि कपाळाला हात लावला. "काकू, हे टेबल कुणासाठी बनवलंय?" म्हटलं, सासूबाईंसाठी. म्हणाल्या, "मग त्यांना कंबरदुखी नसेल. तुम्हाला हे आणखी वीतभर उंच हवं." मी म्हटलं ते नंतर, आधी माझा कल बघा, आणि आरशासमोर उभी राहून घेर सरळ करून दाखवला.

त्या बघत राहिल्या. म्हणाल्या, "डगला काढा."

"का?"

"काढा तर."

काढला. डगल्याशिवाय गिऱ्हाइकांच्या आरशासमोर उभं राहायचं म्हणजे मला कसंसंच झालं. त्यांनी माझे खांदे धरले, कंबर हलकेच सरकवली, म्हणाल्या, "अशा उभ्या रहा. आता बघा." आरशात मी सरळ होते. दोन्ही खांदे एका रेषेत. आणि पायातली ओढ जरा सैल पडली, तिथल्या तिथे. "आता हलायचं नाही. तसंच उभं राहून डगला घाला."

घातला. उजवा खांदा वर, घेर उजवीकडे चार बोटं वर. डोळ्यांवर विश्वास बसेना.

मग व्यायामबाईंनी डगला माझ्या अंगातून काढून स्वतः चढवला. त्या ताठ, तरण्याताठ्या, त्यांच्यात वाकडं काहीच नाही. आणि त्यांच्या अंगावरही तो तसाच तिरका. आरशात तिन्ही बाजूंनी तिरक्या. "मग मी पण वाकडी का, काकू?"

मी डगला हिसकावून घेतला आणि उलटा केला. उजव्या खांद्यात गादी. पातळ, तीन थरांची, कडांना विरत गेलेली, बोटाला लागू नये अशी. खांद्याची शिवण नव्याने घातलेली. खाली उजवीकडचा घेर आत दुमडून हाताने शिवलेला, पण एकदम नव्हे, बाजूच्या शिवणीपासून मावळत मावळत पुढच्या बटणपट्टीपर्यंत आणलेला, म्हणून उतार कुठे सुरू होतो ते दिसत नाही. असा उतार मी बेतते. मी सोडून कुणाला येत नाही, असं मला वाटत होतं. आणि टाके असे बारीक, की या दुकानात ते एकाच बाईचे असू शकतात.

मी वळले. धाकटी मशीनशी उभी होती, तोंडात टाचण्या. एकेक काढून तिने टाचण्यांच्या उशीला टोचल्या.

"तुम्ही रोज आरशात बघून रडायचात, ताई," ती म्हणाली. "म्हणायचात डोळ्यांत पूड गेली. मला बघवेना. तुम्हीच म्हणालात ना, गिऱ्हाईक असतं तर गादी घातली असती. म्हणून थोडं थोडं केलं. तुम्ही खूश झालात, व्यायाम जोरात करायला लागलात. मग खरंच सरळ व्हायला लागलात, तर ते उसवायचं होतं. रोज थोडं थोडं. आणि नेमका तुम्ही डगला घरी न्यायला सुरुवात केली."

"मग सांगायचं नाहीस?"

"कशी सांगू? तुम्ही माझ्याकडे चोराकडे बघावं तसं बघत होतात."

व्यायामबाई खुर्चीत बसल्या आणि हसायला लागल्या. आधी दाबून, मग पोट धरून. "म्हणजे काकू, तुम्ही बऱ्या झालात आणि डगल्याला बसावं म्हणून परत वाकड्या झालात?" मला राग आला. मग मीही हसले, आणि हसता हसता रडले. यावेळी पूड नव्हती. धाकटीला जवळ घेतलं. ती माझ्या खांद्याला लागते, तेवढीच उंच आहे. शनिवारी बोलले त्याबद्दल माफ कर म्हटलं. ती म्हणाली, "जाऊ द्या हो ताई," आणि माझ्या पाठीला हात लावला, अगदी जपून, कुठे दुखेल म्हणून.

एक मात्र मला दिवसभर टोचत राहिलं. गादी घालणं कुणालाही जमेल. पण तो उतार? मी विचारलं, "कधी शिकलीस?" म्हणाली, "तुम्ही कापलेले तुकडे जोडतच आले ना इतकी वर्षं. जोडताना कळतं, कुठे काय सोडलंय ते."

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज मी कात्री तिच्या हातात दिली. काळं कापड, व्हायोलिनवाल्याचा पहिला कोट. मी शेजारी उभी राहिले, एक पाय छोट्या पाटावर, व्यायामबाईंनी सांगितला तसा, थोड्या वेळाने पाय बदलत.

बोलायचं नाही असं ठरवलं होतं. ठरवलेलं टिकलं नाही. "काखेत अजून थोडं," मी म्हटलं. ती म्हणाली, "सोडलंय, बघा." सोडलं होतं. तिच्या हातात कात्री माझ्यापेक्षा हळू चालते, पण थरथरत नाही. सासूबाईंचं टेबल तिच्या उंचीला मात्र अगदी नेमकं आहे. हे इतक्या वर्षांत मला कसं दिसलं नाही?

दुखणं पाच.

२० फेब्रुवारी, गुरुवार

हाडांच्या डॉक्टरांनी पाय उचलून पाहिला, टाचांवर चालवलं, बोटांवर चालवलं, गुडघ्यावर हातोडी मारली. मध्ये पंधरा दिवस का बिघडलं, असं विचारलं. व्यायामबाई बरोबर आल्या होत्या, त्यांनी डगल्याची गोष्ट सांगितली. डॉक्टर चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, ताकद शाबूत आहे, आधी सुधारणा झालीच होती, ऑपरेशनची आत्ता गरज दिसत नाही. व्यायाम चालू ठेवा, आणि टेबल उंच करा.

बाहेर आल्यावर जिन्यात मी ह्यांचा हात धरला. पडेन म्हणून नव्हे.

१ मार्च, शनिवार

कोट गेले. काल संध्याकाळी प्रमुख स्वतः न्यायला आले आणि एक कोट चढवून हात हवेत नाचवून पाहिले. गळ्याशी काही आलं नाही. म्हणाले, "बाई, तुमच्या हाताला तोड नाही." मी धाकटीकडे बोट दाखवलं. ती लाजून मशीनखाली पडलेलं काहीतरी शोधायला लागली, तिथे काही पडलेलं नव्हतं. निम्मे तिने बेतले, निम्मे मी, पण कुठले कुणाचे ते आम्हाला दोघींनाही आता ओळखू येणार नाही.

२४ मार्च, सोमवार

आता दुकानात दोन टेबलं आहेत. सासूबाईंचं धाकटीकडे. माझं नवं, सुताराने माझ्या कोपराचं माप घेऊन केलेलं. वाकायला लागत नाही, कापड स्वतःहून हाताखाली येतं. इतकी वर्षं ओणवी राहून काय मिळवलं, असा प्रश्न पडतो, पण उत्तर शोधत बसत नाही.

दुखणं एक. कधी शून्य. जास्त वेळ बसले तर कंबर आठवण करून देते, मग उठून भिंतीपाशी जाते. गिऱ्हाइकांना वाटतं बाई भिंतीशी कुस्ती खेळते. परवा कंबर धरून आलेल्या एका बसचालक गिऱ्हाइकालाही शिकवायला निघाले होते, व्यायामबाईंनी दटावलं, प्रत्येकाचं दुखणं वेगळं, त्यांना माझ्याकडे पाठवा.

नव्या टेबलावर पहिलं काय बेतलं? धाकटीचा डगला. निळा, सहा बटणांचा. तिला आजवर डगला नव्हताच, शिवणाऱ्या बाईला कशाला हवा, असं आपलं चालत आलं होतं. माप घेताना ती इतकी अवघडून उभी होती की दोनदा घ्यावं लागलं. खडूसाठी उजवा खिसा जरा खोल ठेवला आहे. आणि माझा नवा तिने बेतला, सरळ बाईच्या मापाचा.

जुना उसवून नीट करते म्हणाली. मी म्हटलं, हात लावायचा नाही. तो आरशाशेजारच्या खुंटीवर असतो. दर सोमवारी दुकान उघडलं की एकदा घालून बघते. ज्या दिवशी तो मला नीट बसेल, त्या दिवशी हातातलं काम टाकून व्यायामबाईंकडे पळायचं, असं आमचं ठरलं आहे.

आज घातला. खांदा वर, घेर चार बोटं तिरका, अगदी गबाळा. धाकटीने मागून, पुढून, बाजूने पाहिलं आणि म्हणाली, "ताई, कसला वाईट दिसतोय हो," आणि आनंदाने तिचे डोळे भरून आले.